रिंगणात मनाचं दुखणं

तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ साली एक वारली मुलगा जन्मला. तो लहान असतानाच आई गेली आणि त्या धक्क्याने पोराची वाचा बसली. पुढे काही वर्षं तो कुणाशी बोलला नाही. काही सांगायचं असलं की जमिनीवरच्या धुळीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. त्याच्या या वागण्याला पाड्याने नावं ठेवली नाहीत, उलट त्याला एक वेगळं स्थान दिलं. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहायला आला. तेच पुढे जिव्या सोमा म्हसे म्हणून जगाला माहीत झाले. लग्नघरातल्या भिंतीवर चित्र काढणं हे वारल्यांमध्ये सुवासिनींचं काम. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन या पाड्यांवर फिरले, तेव्हा पुरुष असूनही चित्र काढणाऱ्या म्हसे यांचा हात त्यांच्या नजरेत भरला. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधलं प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री, आणि २०१८मध्ये कळंबीपाड्यावरच निधन, असा तो प्रवास.

म्हसे यांच्या चित्रकलेवर भरपूर लिहिलं गेलं आहे. या प्रकरणापुरती त्यांच्या बालपणातली ती मुकी वर्षंच महत्त्वाची आहेत. आई गेलेल्या पोराला ‘बोल, मोकळा हो’ असं सांगून त्याचा मुकेपणा सुटला नसता. त्याला चित्र काढायला जागा मिळाली आणि काढलेलं बघणारी माणसं मिळाली. डहाणू आणि तलासरीत मनाच्या आरोग्यावर बोलायचं असेल तर सुरुवात इथून करावी लागते. बोलण्याची जागा इथे बाहेरून आणायची गरज नाही. तारपा या वाद्याभोवतीच्या रिंगणात, लग्नाच्या चौकात, महालक्ष्मीच्या जत्रेत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. कला महोत्सव त्या जागेचा नीट उपयोग करू शकतो. मात्र मांडव उतरल्यावर ऐकणारं माणूस तिथे मागे राहिलं पाहिजे. तशी तजवीज नसेल तर महोत्सव भरवण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

मनात साचलेलं

२०११च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची सुमारे दीड लाख. तलासरीत दहातली नऊ माणसं आदिवासी. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा, धोडी अशा जमातींचा हा मुलूख. किनाऱ्यावर मच्छीमारांची गावं आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेकडे डोंगर आणि डोंगराच्या कुशीत विखुरलेले पाडे. या पाड्यांवर माणसं सोसतात पुष्कळ, बोलतात त्याच्या मानाने फार थोडं.

नोव्हेंबर २०१८पासून काय झालं ते पाहा. धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली आणि हादरतच राहिली. शेकडो लहानमोठे धक्के बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एका दिवसात अनेक धक्के आले, त्यातला एक ४.१ क्षमतेचा होता. घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. लोक ऐन थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. शाळा पटांगणात भरू लागल्या. मोठा भूकंप एकदा येतो, उद्ध्वस्त करतो आणि थांबतो. त्यानंतर माणूस निदान सावरायला लागतो. धक्क्यांची अशी माळ लागली की सावरायला सुरुवात कधी करायची तेच कळत नाही. रात्री भांडं पडलं तरी छातीत धस्स होतं. लेकरं आईला सोडत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने जमिनीची थरथर मोजायला यंत्रं बसवली आणि ते गरजेचंच होतं. माणसांच्या आतली थरथर मात्र कुठल्या कागदावर उमटली नाही.

दुसरं दुखणं समुद्रावरचं. डहाणू-तलासरीतले अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट सागरी हद्द ओलांडून गेली की पाकिस्तानी यंत्रणा ती पकडते आणि खलाशांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात होते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घरी धड बातमी येत नाही. नवरा जिवंत आहे हे ठाऊक असतं, पण तो घरात नसतो आणि कधी येईल हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकापासून अशा अधांतरी वियोगाचा अभ्यास केला. अशा दुःखाला सुतक नसतं, दहावं-बारावं नसतं, त्यामुळे भोवतालची माणसं सांत्वनालाही येत नाहीत, हे त्यांच्या मांडणीचं सार. खलाशाची बायको शेत बघते, मुलं बघते, सासू-सासऱ्यांचं करते. तिला झोप लागत नाही, हे ती कुणाला सांगणार?

याशिवाय दिवाळीनंतरचं स्थलांतर आहे. वीटभट्टीवर, बांधकामावर, वापी-उंबरगावच्या कारखान्यांत माणसं जातात आणि पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. आश्रमशाळेत सहा-सात वर्षांचं पोर आईपासून लांब, वेगळी बोली बोलणाऱ्या वर्गात बसतं. महामार्ग, बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदर यांच्यामुळे जमीन राहील का, समुद्र राहील का, ही चिंता घराघरांत आहे. आणि या सगळ्यावरचा सहज हाताशी येणारा उतारा म्हणजे दारू. ती थोडा वेळ विसर पाडते आणि घरात नवं दुखणं आणते.

उपचारांची स्थिती देशभर बिकट आहे. लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे एक मनोविकारतज्ज्ञही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी एका प्रौढाला त्या वेळी एखादा मानसिक विकार असल्याचं दिसलं, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून जास्त माणसं उपचारांविना होती. २०२२मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, २२,७४६. एकूण देशात आणि राज्यात ही स्थिती असताना, रुग्णालय गाठायला दोन वाहनं बदलावी लागणाऱ्या पाड्यावर काय असेल याचा अंदाज करता येतो. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे, पाड्याजवळ आरोग्य उपकेंद्र आणि आशाताई आहेत. पण ताप-खोकल्याला तिथे जाणारं माणूस ‘जीव घाबरतो, भूक मेली, कशात लक्ष लागत नाही’ हे सांगायला तिथे जात नाही. ते आधी देव-पितरांना बोलावणाऱ्या भगताकडे जातं, नाही तर कुठेच जात नाही.

कलेला हे काम नवं नाही

वारली लग्नात चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. शेण-मातीने सारवलेल्या, गेरूने तांबूस केलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौकोन आखतात. काडीचं टोक चावून केलेली कुंचली, आणि पांढरा एवढाच रंग. चौकोनाच्या आत पालघट देवी, जवळ घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, माणसं, जनावरं. धवलेरी ही लग्न लावणारी बाई असते, ती गाण्यांतून सगळा विधी चालवते. भगत देवांना बोलावतो, पितरांना बोलावतो. कुणाच्या अंगात येतं. अकाली गेलेला भाऊ, बाळंतपणात गेलेली सून, कुणाचं काही राहून गेलेलं, ते या वेळी पुढे येतं. त्यांचं ऐकून घेतल्यावर, त्यांना शांत केल्यावर मग लग्न पुढे सरकतं. यशोधरा डालमिया यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात या विधीचं बारकाईने वर्णन केलं आहे.

याकडे मानसशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर काय दिसतं? आनंदाच्या ऐन प्रसंगी घराने आपल्या दुःखांना जागा दिली. जो गेला त्याचं नाव चारचौघांत घेतलं गेलं. रडणाऱ्याला एकटं रडावं लागलं नाही. एवढं साधायला शहरातल्या समुपदेशकाला कित्येक बैठका लागतात.

तारप्याचं रिंगण हे दुसरं उदाहरण. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा भोंगा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यात तारपा होतो. वाजवणारा श्वास तुटू न देता फुंकत राहतो. नवं भात घरात आल्यावर, दिवाळीच्या सुमारास रात्ररात्र नाच चालतो. बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि तारपावाल्याकडे पाठ न करता त्याच्याभोवती फिरत राहतात. सूर बदलला की पाऊल बदलतं. नाचायला येणाऱ्याला साखळीच्या शेवटी हात धरून सामील होता येतं, दमलेल्याला मधूनच सुटता येतं, सुटलेल्याला पुन्हा येता येतं. इथे कुणी निवडून घेत नाही, कुणाला वगळत नाही. घांगळी या वाद्याच्या सुरावर कणसरीची, म्हणजे धान्यमातेची कथा लागते तेव्हाही माणसं रात्रभर एकत्र बसून ऐकतात. डोंगराकडच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा या उत्सवातले मुखवटे देव आणि राक्षस दोघांनाही गावाच्या मधोमध नाचवतात. भीतीला चेहरा देऊन तिला चारचौघांत आणण्याची ही किती जुनी युक्ती आहे!

चित्र, नाच, नाटक यांनी नेमकं काय होतं

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या नऊशेहून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. आजार टाळण्यापासून उपचारांना साथ देण्यापर्यंत अनेक टप्प्यांवर कलेचा उपयोग होतो, असं त्यात दिसलं. पण ‘कला मनाला बरं करते’ एवढं म्हणून थांबलं तर ती निव्वळ घोषणा होते. काम कसं होतं ते पाहायला हवं.

पहिली गोष्ट अंतराची. ‘तुला काय होतं?’ या प्रश्नाला माणूस आक्रसतो. ‘चित्रातला हा माणूस एकटा का उभा आहे?’ या प्रश्नाला तो उत्तर देतो, आणि बरेचदा त्या उत्तरात तो स्वतः असतो. वारली चित्रपद्धती यासाठी विशेष सोयीची आहे. दोन त्रिकोण टोकाला जोडले की धड होतं, वर गोल डोकं. चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत, त्यामुळे हसू नाही, रडू नाही, कुणाची ओळखही नाही. तो माणूस कोण आणि कसा आहे हे फक्त त्याच्या वाकण्यावरून आणि जागेवरून कळतं. साखळीत आहे की साखळीबाहेर, झोपडीच्या दारात आहे की झाडाआड. आपलं दुखणं उघडं न करता ते मांडायचं असेल तर याहून सभ्य रीत सापडणं कठीण.

दुसरी गोष्ट एकत्र हालचालीची. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या ब्रॉन्विन टार, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच तालात एकत्र नाचल्यावर मुलांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आणि आपल्या गटाविषयीची जवळीक वाढलेली दिसली. तारप्याचं रिंगण नेमकं हेच रात्रभर करतं. अशा नाचानंतर शेकोटीशी बसलेली माणसं जे बोलतात ते सभेतल्या खुर्च्यांवर बसून बोलत नाहीत.

तिसरी गोष्ट भेटीची. मानसिक आजाराविषयीचा कलंक आणि भेदभाव कशाने कमी होतो, याचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने केला. २०२२च्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा की, ज्यांनी हा आजार भोगला आहे त्यांची इतरांशी थेट गाठ घालून देणं हा सर्वांत परिणामकारक उपाय. पत्रकं आणि फलक एवढं काम करत नाहीत.

मराठी माणसाने हे पडद्यावर अनुभवलं आहे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरातच स्किझोफ्रेनिया होता. तो लपवण्याऐवजी ते त्यावर जाहीरपणे बोलले, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४च्या चित्रपटामागे ते उभे राहिले. याच जोडीच्या नैराश्यावरच्या ‘कासव’ला पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याचे एक निर्माते डॉ. मोहन आगाशे हे अभिनेते आहेत तसेच मनोविकारतज्ज्ञही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनेही गाणं, नाटक, गप्पा यांना उपचारांच्या बरोबरीने जागा दिली. स्कॉटलंडमध्ये तर २००७पासून दरवर्षी मानसिक आरोग्याला वाहिलेला कला महोत्सव भरतो. ही सगळी उदाहरणं शिकण्यासारखी आहेत, पण त्यांची नक्कल पाड्यावर चालणार नाही. इथल्या माणसांपुढे त्यांचीच रीत ठेवायला हवी.

महोत्सव कुठे भरवायचा, कसा भरवायचा

नवा महोत्सव काढण्याआधी असलेल्या सणांकडे पाहावं. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. मुसळ्या डोंगरावर ध्वज लावण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. डहाणू-तलासरीच नव्हे, गुजरातेतूनही माणसं येतात. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात. बोर्डीला चिकू महोत्सव भरतो. दिवाळीत तारपा असतोच. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. याच तारखेला १९४५मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार हुतात्मे झाले. वेठबिगारीविरुद्धचा तो लढा शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने उभा राहिला होता. ज्या समाजाने ‘वेठ करणार नाही’ हे एकमेकांच्या साक्षीने मोठ्याने म्हटलं, त्याला मनातलं बोलण्याची ताकद बाहेरच्यांनी शिकवायची नाही. तो दिवस या मुलखात पाळायचा असेल तर हुतात्म्यांच्या स्मरणाला धक्का न लावता, त्याच्या आधाराने पाळता येईल.

आता एक बैठक जवळून पाहू. समजा धुंदलवाडीच्या बाजूच्या एखाद्या शाळेत ती ठेवली आहे. पटांगणात गेरूने रंगवलेलं लांबलचक कापड अंथरलं आहे, वाट्यांमध्ये तांदळाचं पीठ कालवून ठेवलं आहे, बांबूच्या काड्या आहेत. बैठक चालवणारी बाई याच भागातली चित्रकार आहे आणि ती वारलीत बोलते. शेजारी आशाताई बसली आहे, पण फाईल न उघडता, तीही चित्र काढते आहे. विषय दिला आहे: ‘रात्रीचा आपला पाडा’. कुणी अमुकच काढा असं सांगत नाही. एखादी मुलगी घर काढते आणि सगळी माणसं घराबाहेर झोपलेली काढते. कुणी म्हातारा नुसतं झाड काढतो. एखादी बाई किनाऱ्यावर उभी बाई काढते आणि समोर बोट काढतच नाही. चित्र भरत आलं की सगळे कापडाभोवती फिरतात. बाई एवढंच विचारते, ‘ही माणसं बाहेर का झोपलीत? यांना आत कधी जावंसं वाटेल? यांना कुणाची सोबत हवी?’ उत्तरं चित्रातल्या माणसांविषयी येतात. ज्याला बोलायचं नाही तो बोलत नाही. ज्याला नंतर बोलायचं आहे त्याला आशाताई कुठे आणि केव्हा भेटेल ते शेवटी सगळ्यांना सांगितलं जातं, म्हणजे कुणा एकाकडे बोट होत नाही.

नाटकासाठीही रीत आहे. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी घडवलेला नाट्यप्रकार असा आहे की पेचाच्या क्षणी नाटक थांबतं आणि प्रेक्षकांतलं कुणी उठून पात्राची जागा घेतं, वेगळं वागून दाखवतं. पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृती’ या गटाने १९८५पासून खेड्यांत हा प्रकार रुजवला. दारू पिऊन आलेला मुलगा आणि गप्प बसलेला बाप, असा प्रसंग घेऊन आश्रमशाळेतली मुलं तलासरीच्या पटांगणात हे करू शकतील. पाचवीतली पोरगी उठून बापाची भूमिका घेते आणि ‘बस, जेव आधी’ म्हणते, तेव्हा समोर बसलेल्या बापांना जे कळतं ते भाषणाने कळत नाही.

काही पथ्यं सोडून चालणार नाहीत. व्यासपीठावर बोलावून कुणाकडून आपबीती वदवून घेऊ नये. अनुभव सांगायला कुणी आपणहून तयार असेल तर आधी त्याच्याशी सविस्तर बोलावं, कार्यक्रमानंतर पुढचे दिवस त्याची विचारपूस करावी. आत्महत्येचा प्रसंग नाटकात वा चित्रात आला तर ती कशी केली ते दाखवू नये, कारण त्याने अडचणीतल्या माणसाला इजा होते. चित्रांचे फोटो काढताना परवानगी घ्यावी. चित्र काढणाऱ्याचंच राहतं. कलाकारांना मानधन द्यावं. वारली चित्रकलेला २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिच्यावर पाहुण्यांनी नाव कमवावं आणि पाड्याला हारतुरे मिळावेत, हे यापुढे चालू नये.

भगत, भुताळी आणि कायदा

या विषयात भगताला वगळता येत नाही. रात्री दोन वाजता दारात येणारा आणि घरचा इतिहास माहीत असलेला तो माणूस आहे. महोत्सवात त्याची टिंगल करणारं प्रहसन बसवलं की अर्धा पाडा उठून जाईल, आणि जाणं बरोबरच असेल. त्याला मांडवात मानाने बोलवावं आणि एक गोष्ट शिकवावी: झोप कित्येक दिवस उडालेली, जेवण सुटलेलं, मरणाची भाषा, स्वतःशीच बोलणं, अंगावर धावून जाणं, अशी लक्षणं दिसली तर विधी कर, पण माणसाला रुग्णालयातही पाठव. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर २००८पासून ‘दवा आणि दुआ’ अशी जोड घातली गेली. मुजावर माणसाला दुआही देतात आणि जवळच्या डॉक्टरकडेही पाठवतात. हा शेजारधर्म इथेही जमण्यासारखा आहे.

जिथे नमतं घ्यायचं नाही ती जागा मात्र स्पष्ट आहे. घरात कुणी आजारी पडलं, पोर दगावलं की एखाद्या बाईवर भुताळी, म्हणजे चेटूक करणारी, असल्याचा आळ येतो, तिला मारझोड होते, कधी जीव जातो. अशा वेळी आजारी माणसाचं दुखणं तसंच राहतं आणि एका निरपराध बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. २०१३चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा याला गुन्हा मानतो. महोत्सवात यावर बोलावंच लागेल, आणि ते पाड्यातल्या बायांनी बोलावं.

कायद्याने आणखी दोन दारं उघडली आहेत, ती लोकांपर्यंत पोहोचलेली नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच हा कायदा गृहीत धरतो, आणि प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात न जाणाऱ्या कुटुंबाला एवढं कळलं तरी जीव वाचू शकतो.

मांडव उतरल्यावर

एखाद्या बाईने कापडावर ती बोट नसलेली किनारपट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी सगळे गाडीत बसून मुंबईला गेले, तर आपण तिचं भलं केलं नाही. झाकलेली जखम उघडी करून ठेवली. म्हणून महोत्सवाची आखणी शेवटाकडून करायला हवी. कार्यक्रमानंतरच्या तीन महिन्यांत पाड्यावर कोण येणार, कोणत्या वारी येणार, उपकेंद्रात कोण बसणार, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर कासा किंवा तलासरीला कधी भेटतील, हे आधी ठरवावं. ते ठरल्यावरच तारप्याची आणि मांडवाची तारीख काढावी.

हे जमतं का, याचं उत्तर शेजारच्या नाशिक जिल्ह्यातच आहे. पेठ या आदिवासी तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३पासून ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला गेला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातलं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यामागे होतं. गावातलीच माणसं निवडली, त्यांना ऐकून घ्यायला आणि धीर द्यायला शिकवलं, मोबाईलवर दाखवायला छोट्या फिल्म दिल्या. फिल्म बघून बाया-माणसं आपल्या घरातलं बोलू लागली. गरज असेल त्याला पुढे डॉक्टरकडे धाडलं गेलं. गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात हेच काम पुढे मोठ्या प्रमाणावर झालं. आफ्रिकेत झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६पासून आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसवलं. त्यांच्याशी बोलून नैराश्य कमी होतं हे २०१६मध्ये रीतसर चाचणीत दिसलं. तज्ज्ञ कमी असलेल्या मुलखात ऐकणारी माणसं घडवता येतात, असं ही दोन्ही कामं सांगतात.

डहाणू-तलासरीत अशी माणसं हुडकायला लांब जायला नको. धवलेरी आहेत, आशाताई आहेत, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ज्या बालशिक्षणाचा पाया घातला त्या परंपरेतल्या अंगणवाडीताई आहेत, आश्रमशाळेतल्या शिक्षिका आहेत. महोत्सवाच्या आधी दोन महिने त्यांना शिकवायला हवं, आणि त्या कामाचा मोबदला द्यायला हवा. दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येईल असा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक, १४४१६, कापडी पिशवीवर, जत्रेतल्या पाण्याच्या टाकीवर, आश्रमशाळेच्या भिंतीवर वारली चित्रांच्या शेजारी लिहायला हवा. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर फोन कुठून लागेल तेही सांगायला हवं.

महोत्सव यशस्वी झाला की नाही हे गर्दीवरून ठरवू नये. पुढच्या तिमाहीत किती माणसं मनाचं दुखणं घेऊन उपकेंद्रात आली, त्यातल्या किती जणांना दुसऱ्यांदा यावंसं वाटलं, किती भगतांनी निदान एकाला रुग्णालयाची वाट दाखवली, हा हिशेब ठेवावा आणि पुढच्या वर्षी त्याच मांडवात लोकांपुढे मांडावा. आकडा लहान असला तरी मांडावा. कला महोत्सवाला पैसा देणाऱ्या संस्थांनी आणि सरकारी खात्यांनीही खर्चाचा मोठा भाग मांडवानंतरच्या महिन्यांसाठी बाजूला काढल्याशिवाय पहिला रुपया देऊ नये. बोलतं झालेल्या माणसाला पुन्हा गप्प बसावं लागू नये, याची जबाबदारी त्याला बोलतं करणाऱ्यांची आहे.